कॅलेंडरच्या फोटोतला पाठमोरा

१

प्रीचाचा फोटो स्टुडिओ आमच्या हिन खाव गावच्या बाजारात आहे, औषधांच्या दुकानाला लागून. ओळखपत्राचे फोटो, पदवीच्या झग्यातले फोटो, आणि घरात कुणी गेलं की शवपेटीसमोर ठेवायचा मोठा फोटो, हे त्याचं काम. दिवसभर लोकांना हनुवटी वर घ्या, खांदे सैल सोडा, इकडे बघा म्हणून त्याचा घसा बसायचा. त्यामुळे सकाळी दुकान उघडण्याआधी तो स्कूटर काढून रेल्वे यार्डात जायचा आणि मालगाड्यांचे फोटो काढायचा. इंजिनाला हस म्हणावं लागत नाही, असं तो सांगायचा.

आमचं यार्ड काही फार मोठं नाही. मागे चुनखडीचे डोंगर, पुढे सिमेंटचा कारखाना, मधे आठदहा रूळ. सगळ्यावर पांढरी धूळ. झाडांची पानंसुद्धा पावसाळा सरला की पांढरी होतात. यार्डातले लोक प्रीचाला चांगले ओळखायचे. 'छांग' म्हणायचे त्याला, कारागीर माणसाला म्हणतात तसं.

त्या सकाळी धुकं होतं. थंडीची नुकती सुरुवात झाली होती. पौर्णिमेला नदीत सोडलेले केळीच्या पानांचे द्रोण वाहत येऊन यार्डाशेजारच्या गटारात अडकले होते, त्यातली फुलं काळी पडली होती. प्रीचा नेहमीच्या जागी, सिग्नलच्या खांबापाशी उभा होता. सिमेंटची गाडी सुटायच्या बेतात होती आणि इंजिनावर बुनलर्त होता. बुनलर्त त्याच्यापेक्षा मोठा, म्हणून प्रीचा त्याला पी बुन म्हणायचा.

"छांग, आज माझी चांगली बाजू घे," बुनलर्त खिडकीतून ओरडला.

"ती बघायला मिळाली तर घेईन, पी बुन."

"बायकोसारखं बोलायला लागलास."

इंजिन हललं. त्याच वेळी डोंगराच्या खांद्यावरून ऊन खाली उतरलं, धुक्यात शिरलं, आणि इंजिनाच्या लाल-पिवळ्या रंगाला असं काही तेज आलं की प्रीचाचा श्वास थांबला. त्याने बटण दाबलं. दाबतानाच त्याला कळलं होतं, वर्षातून एखादा मिळतो तो फोटो हा.

दुकानात येऊन त्याने तो संगणकावर मोठा करून पाहिला. इंजिन जसं हवं तसंच आलं होतं. धुराची रेघ, हसणारा बुनलर्त, ओले रूळ. मग त्याची नजर मागे गेली. शेवटच्या रुळावर भंगारात जायच्या जुन्या बंद वॅगन उभ्या होत्या. त्यातल्या एकीला कपाळ टेकून एक माणूस उभा होता.

पाठमोरा. अनवाणी. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. शाळेत शिक्षा झालेलं पोर भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, तसा.

२

नुआन, प्रीचाची बायको, चिकट भात आणि भाजलेलं डुकराचं मांस घेऊन आली, तेव्हा तो अजून पडद्यासमोरच होता.

"फोटो सुरेख आलाय," ती म्हणाली. "हा कोण?"

"असेल कुणी बर्मी मजूर. लघवीला उभा राहिला असेल."

"कपाळ टेकून?"

"झोपेतून उठला असेल. मला काय माहीत?"

"तू तिथे होतास ना?"

तिथे होता हे खरं. पण त्याला तो दिसला नव्हता. यात काही विशेष नाही, त्याने स्वतःला समजावलं. माणूस इंजिन बघत असतो तेव्हा त्याला दुसरं काही दिसत नाही. कॅमेऱ्याला आवडनिवड नसते, समोर असेल ते सगळं तो घेतो.

तरी तो माणूस खटकत होता. डोळा इंजिनावरून सरकून पुन्हा पुन्हा त्या पाठीकडे जायचा. आणि गेला की प्रीचाला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. कुणाच्या घरी न विचारता आत जावं आणि तिथलं माणूस रडत असावं, तसं.

लोकांच्या चेहऱ्यावरचे व्रण, पुटकुळ्या, कपाळावरच्या आठ्या पुसण्यात प्रीचाची हयात गेली होती. त्याने पडद्यावर शेजारच्या पत्र्यावरचा गंज उचलला आणि माणसाच्या पाठीवर आणून बसवला. आधी पाय गेले. मग सदरा. त्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर दुसऱ्या कापडाचं ठिगळ होतं, ते गेलं. मान राहिली होती. मानेवर आला तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबला. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. मग तीही गेली.

"माणूस काढलास, पण सावली राहिली," नुआन मागून म्हणाली.

त्याने सावली काढली. आणि नेहमीच्या सवयीने, मूळ फोटोवरच तो नवा फोटो साठवून टाकला.

आमच्या भागात रेल्वेवेड्या लोकांचं एक मंडळ आहे. दरवर्षी ते कॅलेंडर काढतं, ते स्टेशनास्टेशनावर लागतं. मंडळाचा सगळा कारभार पी ओइ नावाच्या बाईंकडे. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. त्यांचा नियम एकच: फोटो जसा निघाला तसा हवा. कुणी आभाळ निळं केलेलं सापडलं, तर त्याला त्या चारचौघांत उभं करून जाब विचारायच्या.

प्रीचाने फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"छांग, गेली कित्येक वर्षं मी असा फोटो पाहिला नाही. मुखपृष्ठावर घालते. हात लावलेला नाही ना?"

"नाही, पी ओइ."

"तुझ्या शब्दावर घेते हं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

नुआन भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

३

कॅलेंडर छापून आलं तेव्हा पी ओइ स्वतः पहिली प्रत घेऊन दुकानात आल्या. येताना बर्फ घातलेली काळी कॉफी आणली होती, पिशवीतून. त्यांनी स्वतःच्या हाताने खिळा शोधला आणि कॅलेंडर भिंतीवर टांगलं. शेजारचा औषधवाला येऊन बघून गेला. प्रीचाला छान वाटत होतं, नाही असं नाही.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. गालांना बर्मी बायका लावतात तो पिवळसर लेप, अंगात कारखान्यातल्या कामाचा सदरा. चपला तिने दाराबाहेर काढून ठेवल्या.

"छांग, हा मोठा करून मिळेल?" तिने पुढे केलेला फोटो तळहाताएवढा होता. कोपरे मऊ पडले होते.

रंगवलेल्या धबधब्यासमोर एक जोडपं उभं होतं. बाई हीच. पुरुष खाली पाहत होता. प्रीचाने फोटो उलटा केला. मागे त्याच्याच दुकानाचा शिक्का होता.

"तुम्हीच काढला होता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, वर बघा. तीनतीनदा म्हणालात. पण त्याने काही बघितलं नाही. तो लाजतो फार."

प्रीचाला ती आठवेना. तोही आठवेना. दिवसाला किती लोक येतात.

"माझा नवरा. को ल्विन. मी मा न्यो. द्रोण सोडतात त्या पौर्णिमेच्या संध्याकाळपासून घरी आला नाही. मुकादमाने सगळ्यांच्या देखत कानाखाली मारली त्याच्या. डिझेल चोरलं म्हणून. त्याने नव्हतं चोरलं, दुसऱ्याने चोरलं होतं, ते नंतर कळलं. पण मार खाल्ल्यावर तो घरी आलाच नाही. माझ्या पोरीसमोर कसा येऊ, असं मित्राला म्हणाला म्हणे." ती थांबली. "फोटो मोठा करून चिकटवणार आहे. स्टेशनावर, बाजारात."

"अंगात काय होतं त्याच्या?" हे पी ओइंनी विचारलं. त्या अशा बाबतीत नेमकं विचारायच्या.

"निळा सदरा. खांद्यावर ठिगळ आहे. मी लावलेलं."

दुकानातला पंखा फिरत होता. प्रीचाने हातातल्या फोटोकडे पाहत राहायचं ठरवलं.

"छांग, तुम्ही रोज यार्डात जाता," मा न्यो म्हणाली. "लोक म्हणाले तुम्हाला विचार. तुम्ही बघितलंत का त्याला?"

पी ओइही त्याच्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर.

"नाही," प्रीचा म्हणाला.

आणि शब्दशः ते खरंच होतं. डोळ्यांनी त्याने पाहिलं नव्हतं. हे त्याने त्याच क्षणी मनात बोलून ठेवलं.

मा न्योने मान हलवली. ती वळली, आणि कॅलेंडर दिसलं म्हणून त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग पुढे होऊन तिने चित्रावर बोट ठेवलं. इंजिनावर ठेवलं नाही. मागे, शेवटच्या रुळावर, जुन्या वॅगनच्या पत्र्यावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"गंज," प्रीचा म्हणाला.

"ते नाही. हे," ती म्हणाली. बोट तिथेच होतं.

पी ओइ चष्मा सावरून जवळ गेल्या. "वॅगन आहे गं बाई. जुनी."

मा न्योने बोट उचललं आणि सदऱ्याला पुसलं. बोटाला काही लागलं असावं तसं.

४

त्यानंतर पहिल्यांदा एका शाळामास्तराने तक्रार केली. ओळखपत्राचा फोटो परत आणून दिला. "डोळे खाली गेलेत माझे. कचेरीत चालत नाही म्हणाले."

प्रीचाने पुन्हा काढला. मास्तर सरळ भिंगात बघत होता, प्रीचाने खात्री करून घेतली. छापून आल्यावर मास्तर खाली बघत होता.

दिव्याचा झोत पडतो तेव्हा पापणी लवते, हे कुणीही फोटोग्राफर सांगेल. पण पापणी लवलेली वेगळी आणि नजर खाली घातलेली वेगळी, हेही तो सांगेल. पदवीची मुलगी, तिची आई, नव्या लग्नाची जोडी, सगळे फोटोत खाली बघायचे. लहानसा अपराध पकडला गेल्यासारखे. प्रीचाने दिवे बदलले. कॅमेरा बदलला. गिऱ्हाइकं हसून म्हणायची, "छांग, म्हातारा झालास." मग बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जायची. यार्डात जाणं त्याने बंद केलं. थंडी बाधते, असं सांगितलं.

बुनलर्त एकदा सुटीच्या दिवशी नूडल खायला आला आणि त्याला ओढून शेजारच्या टपरीवर घेऊन गेला. टपरीतही ते कॅलेंडर लागलं होतं.

"फोटो काढून मला मोठा माणूस केलास आणि आता तोंड दाखवत नाहीस," बुनलर्त म्हणाला. "सासू विचारते, इंजिनातला हा देखणा कोण."

प्रीचा हसला नाही. "पी बुन, त्या मागच्या जुन्या वॅगन कुठे गेल्या?"

"भंगारवाल्याने घेतल्या. त्याच दिवशी दुपारी ओढून नेल्या. कारखान्याच्या पलीकडे रुळांचा बंद फाटा आहे ना, तिथे गवतात उभ्या आहेत. तोडायला कुणाला वेळ नाही."

"त्याच दिवशी म्हणजे, फोटोच्या?"

"मी परत आलो तेव्हा दारं तारेने बांधत होते. वाटेत उघडू नयेत म्हणून."

"आत बघितलं का कुणी?"

बुनलर्तने नूडलच्या काड्या वाडग्यावर ठेवल्या. "आत काय असणार? आणि कुणी असतं तर हाक नसती मारली?"

प्रीचाने वाडगा जवळ ओढला. सगळ्यांसमोर गालावर बोटं उठलेला माणूस हाक मारील का, हे त्याच्या मनात आलं.

रात्री जेवताना नुआन म्हणाली, "त्या बर्मी बाईचा फोटो मोठा केलास तेव्हा मी बघितला. अंगाने तसाच आहे. खांदे असेच पडलेले."

"पौर्णिमेला गेला तो. मी फोटो काढला त्याच्या नंतर कितीतरी दिवसांनी. इतके दिवस माणूस वॅगनमध्ये लपून राहील?"

"मग कोण होतं ते?"

प्रीचा भात कालवत राहिला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण मनोमन काय मागतोय. ते भूत असावं, एवढंच तो मागत होता. भूत असेल तर को ल्विन आधीच मेलेला होता, आणि पुसल्याने काही बिघडलं नाही. पण तो जिवंत असेल, तर त्या सकाळी यार्डात एक फोन केला असता तरी पुरलं असतं. तुमच्या मागच्या वॅगनपाशी कुणीतरी उभं आहे, बघा. बस, एवढंच. दुपारी दारं बांधायच्या आत.

आयुष्यभर भुताला भिणारा माणूस भूत असू दे म्हणून प्रार्थना करत होता. नुआन त्याच्याकडे बघत होती, आणि तिला ते सगळं दिसतंय असं त्याला वाटलं. त्याने ताट बाजूला सारलं.

"जाऊन बघ," ती म्हणाली. "मला सांगू नकोस, बघ."

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो गेला. कॅमेरा घेतला नाही.

बंद फाट्यावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. वॅगन एकामागे एक उभ्या होत्या, ऊन खाऊन खाऊन तापलेल्या. जवळून जाताना त्यांच्या पत्र्याची धग गालाला लागत होती. कारखान्याचा घरघराट इथवर येत होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी गावात चाललाय असं वाटावं इतका मंद. एकेका दाराला नवी तार पिळून बांधलेली होती. ती तेवढी चकाकत होती.

आपली वॅगन ओळखायची कशी, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. तिच्यावरचा गंज त्याला पाठ होता. पत्र्याच्या मध्यावर मोठा डाग, पानासारखा, त्याचा देठ उजवीकडे वळलेला. हाच डाग उचलून त्याने माणसाच्या पाठीवर बसवला होता.

तो डाग सापडला. प्रीचा समोर उभा राहिला.

त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, तोच डाग पुन्हा होता. तेच पान, तोच वळलेला देठ. खालच्या कडेला एक बारीक खाच होती. फोटोतला माणूस पुसताना त्या ठिकाणी त्याचा हात थोडा घसरला होता, आणि एवढं कोण बघतंय म्हणून त्याने तसंच सोडलं होतं. ती खाचही तिथे होती.

त्याने बोट लावून पाहिलं. गंज खराच होता. बोटाला लागला.

गंज सारखा पडू शकतो, तो मनात म्हणाला. एकाच भोकातून पाणी गळत असेल तर सारखे दोन डाग पडू शकतात. त्याने वर पाहिलं. भोक नव्हतं.

पलीकडे खडी वाजली.

प्रीचा खाली वाकला. वॅगनच्या चाकांमधून पलीकडचं दिसत होतं. पलीकडच्या बाजूला, त्याच्या बरोबर समोर, दोन पाय उभे होते. अनवाणी, घोट्यापर्यंत पांढरे. बोटं त्याच्याकडे केलेली. म्हणजे पलीकडचा माणूस वॅगनकडे तोंड करून उभा होता, जसा इकडे प्रीचा उभा होता. दोघांमध्ये ती बंद पेटी होती, तेवढीच.

मग पत्र्यावर अगदी हलकेच काहीतरी टेकल्याचा आवाज आला. कपाळ टेकावं तसा.

प्रीचाला पळावंसं वाटत होतं, पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काही त्याला तिथे धरून होतं. चोरी करताना आईने पाहिलं की पोराला पळता येत नाही, तसं.

"मी सांगतो," तो म्हणाला. आवाज फाटला. "सगळ्यांना सांगतो. मी पुसलं तुम्हाला. मी सांगतो."

मग ते पाय वळले. वॅगनच्या कडेकडेने चालायला लागले. सावकाश, संकोचाने, बोलावलं म्हणून यावं लागतंय अशा चालीने. खडीचा आवाज वॅगनच्या टोकापर्यंत गेला. टोक ओलांडून या बाजूला वळला. गवत बाजूला होत होतं.

त्या वेळी फक्त मान वर करायची होती.

प्रीचाने डोळे गच्च मिटून घेतले.

पावलं जवळ आली. अगदी समोर येऊन थांबली. ओल्या सिमेंटचा थंड वास आला, एवढ्या उन्हात थंड. त्याच्या चेहऱ्यावर कुणाची तरी नजर होती, ती त्याला पापण्यांवर जाणवत होती. धमकी नव्हती तिच्यात. वाट बघणं होतं. आता उघडू, आता उघडू, असं तो करत राहिला आणि त्याने डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा समोर गवत होतं. ते अजून हलत होतं.

त्याने बुनलर्तला फोन केला. बुनलर्तने पोलिसांना आणलं. तार कापून दार सरकवलं तेव्हा प्रीचा लांब उभा होता. आत को ल्विन होता. एका कोपऱ्यात, पत्र्याकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. निळा सदरा, खांद्यावर ठिगळ.

तो नेमका कधी गेला, हे इस्पितळाच्या डॉक्टरांना सांगता आलं नाही. "इतक्या उष्णतेत, बंद लोखंडात," ते म्हणाले, "आता कुणीच सांगू शकणार नाही. पौर्णिमेच्या रात्री गेला असेल. किंवा बऱ्याच नंतर."

"किती नंतर?" प्रीचाने विचारलं.

"ते विचारू नका," डॉक्टर म्हणाले.

६

पी ओइंना त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या रागावतील, चारचौघांत उभं करतील, अशी त्याला आशा होती. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"माझ्यामुळे तू त्या दिवशी 'नाही' म्हणालास," त्या म्हणाल्या. "मी तिथे होते म्हणून."

"नाही, पी ओइ."

"होय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. कॅलेंडरं सगळीकडे लागली होती, ती परत गोळा करणं शक्य नव्हतं. ती वर्षभर राहिली. लोक अजून म्हणतात, काय उजेड पकडलाय.

दहन झाल्यावर काही दिवसांनी प्रीचा मजुरांच्या वस्तीत गेला. पत्र्याच्या खोल्यांची रांग, समोर खडी टाकलेली वाट. मा न्यो दारात भाजी निवडत होती. पोर शेजाऱ्यांकडे गेली होती. तिने त्याला आत बसवलं. त्याने सगळं सांगितलं. पाय पुसले, सदरा पुसला, मान पुसली. तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हणालो. मग त्या दुपारचं, वॅगनखालून दिसलेल्या पायांचं. ते सांगताना त्याला वाटलं, ही आता ओरडेल, किंवा हसेल, किंवा बाहेर काढेल. ती भाजी निवडत राहिली.

"समोर आला होता?" तिने विचारलं.

"हो."

"आपण होऊन?"

"मी बोलल्यावर. हो."

"कसा दिसत होता?"

प्रीचाने तिच्यापुढच्या भाजीकडे पाहिलं. "मी डोळे मिटले," तो म्हणाला शेवटी.

मा न्योचे हात थांबले.

"तो कधी कुणासमोर आला नाही, छांग," ती म्हणाली. "आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मीच गेले होते त्याच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा आला असेल."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ती उठली, भात वाढला, वर माशाचं कालवण घातलं आणि थाळी त्याच्यापुढे ठेवली. "जेवा. इतक्या लांब आलात." नाही म्हणायचं धैर्य त्याला झालं नाही. तो जेवायला लागला. ती समोर बसून त्याचं जेवण बघत होती.

बाहेर खडीवर पावलं वाजली.

अनवाणी पावलं. सावकाश. एकेका दारापुढून येत, संकोचत, मधे थांबत. या दारापाशी येऊन थांबली. उंबरठ्यावर पडलेलं ऊन कमी झालं. थंड, ओला वास आत आला.

या खेपेला बघायचं, असं प्रीचाने ठरवलं. काहीही झालं तरी बघायचं. त्याने हातातला घास खाली ठेवला आणि मान वर करायला लागला.

"तुम्ही नका बघू," मा न्यो हळूच म्हणाली. तिची नजर दाराकडे होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की प्रीचाला तिच्याकडेही बघवेना. "आता तो तुमच्यासाठी आलेला नाही."

प्रीचाने मान खाली घातली आणि थाळीतला भात संपवू लागला.